स्थलांतरित स्त्रीचे श्रम आणि संशोधनाची मोजपट्टी : एक चिकित्सा

प्रस्तावना :

स्थलांतर, लिंगभाव आणि रोजगार यांचा परस्परसंबंध हा श्रम अर्थशास्त्रातील महत्त्वाचा अभ्यासविषय आहे. या विषयावर विपुल संशोधन झाले असले, तरी पुरुष रोजगारासाठी आणि स्त्री विवाहामुळे स्थलांतर करते, हे विधान त्यात जवळपास गृहीतक म्हणून वावरताना दिसते. त्याला आकडेवारीचा आधारही आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या २०२०-२१ मधील निष्कर्षांनुसार देशातील ४७.९ टक्के स्त्रिया आणि १०.७ टक्के पुरुष स्थलांतरित होते. स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के स्त्रियांच्या बाबतीत ‘विवाह’ हे कारण नोंदले गेले. ही आकडेवारी चुकीची नाही. परंतु तिच्यावरून काढले जाणारे अनुमान तपासून पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील ऊसतोडणी कामगारांच्या उदाहरणाच्या आधारे ही तपासणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सैद्धांतिक चौकटीतील उणीव :

रॅव्हेन्स्टाइन यांनी १८८५ मध्ये स्थलांतराचे नियम मांडले, तेव्हाच कमी अंतराच्या स्थलांतरात स्त्रियांचे प्रमाण अधिक असल्याचे आणि त्या कारखान्यातील कामासाठीही गाव सोडत असल्याचे नोंदविले होते. पुढील सिद्धांतांत मात्र हा धागा सुटला. हॅरिस व टोडॅरो यांच्या १९७० मधील प्रतिमानात शहरातील अपेक्षित वेतन आणि गावातील उत्पन्न यांची तुलना करणारी एकटी व्यक्ती गृहीत आहे; तिला लिंग नाही. मिन्सर यांनी १९७८ मध्ये कुटुंबाचा विचार केला, पण जोडीदाराच्या निर्णयाला बांधली जाऊन स्थलांतर करणारी व्यक्ती ही वेतनाच्या दृष्टीने तोट्यात जाणारी म्हणून दाखविली. स्टार्क व ब्लूम यांनी १९८५ मध्ये कुटुंबाला जोखीम विभागणारे एकक मानले; मात्र त्या एककाच्या आत कोणाचे श्रम आणि कोणाचा अधिकार, हा प्रश्न दुय्यमच राहिला. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये ‘सहकार्यातील संघर्ष’ ही संकल्पना मांडून ही उणीव दाखवून दिली. कुटुंबातील व्यक्तीचे स्थान तिच्या प्रत्यक्ष योगदानाइतकेच त्या योगदानाच्या मान्यतेवर अवलंबून असते, हे त्यांचे प्रतिपादन येथे विशेष उपयुक्त ठरते.

‘कोयता’ नावाचे एकक :

बीड आणि लगतच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो कामगार पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या क्षेत्रात जातात. या व्यवसायात मजुराची मोजणी माणशी होत नाही. पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ होतो. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल जोडप्याच्या कामावर असते, परंतु व्यवहार सामान्यतः पुरुषाच्या नावे होतो. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणे यांत स्त्रीचा वाटा मोठा असतो. त्याखेरीज कोपीवरील स्वयंपाक, पाणी आणि मुले हे सारे तिच्याकडेच असते. मजुरी मात्र टनावर ठरते आणि कोयत्याला मिळते. म्हणजे सेन ज्याला मान्यताप्राप्त योगदान म्हणतात, ते येथे वेतनपद्धतीतच पुसले जाते.

आता सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीकडे पाहू. तीत स्थलांतराचे एकच प्रमुख कारण नोंदले जाते. परंतु ज्या व्यवसायात पूर्ण कोयता होण्यासाठी जोडपे लागते, तेथे विवाह आणि रोजगार ही दोन वेगळी कारणे उरत नाहीत. विवाह हाच कामावर भरती होण्याचा मार्ग ठरतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांमध्ये अठराव्या वर्षापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के होते. हा सर्व फरक ऊसतोडीमुळे आहे, असे म्हणता येणार नाही. पण श्रमबाजाराचा विवाहाच्या वयावरील परिणाम अभ्यासकांनी दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

मोजणीचा दुसरा दोष कालावधीचा आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या चौसष्टाव्या फेरीत (२००७-०८) तीस दिवस ते सहा महिने रोजगारासाठी बाहेर राहणाऱ्यांना अल्पकालीन स्थलांतरित मानले गेले. हंगाम लांबला की कामगार या व्याख्येच्या सीमेवर येतो आणि हंगामात गावी गेलेल्या प्रगणकाला घराला कुलूप आढळते. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत रेल्वेच्या अनारक्षित प्रवासी वाहतुकीवरून स्थलांतराचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न झाला. तो कल्पक होता. परंतु त्या तिकिटावर प्रवाशाचे लिंग नोंदले जात नाही, आणि ऊसतोडीची टोळी रेल्वेने नव्हे, ट्रक-ट्रॅक्टरने जाते.

पर्यायी संशोधन आणि त्याच्या मर्यादा :

इंद्राणी मजुमदार, नीता एन. आणि इंदू अग्निहोत्री यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अधिकृत आकडेवारीतून स्त्रियांचे श्रम-स्थलांतर कमी दिसते, हे व्यापक क्षेत्रीय पाहणीतून मांडले. अनुसूचित जाती व जमातींच्या स्त्रियांमध्ये हंगामी, फिरत्या स्थलांतराचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांनी दाखविले. जात हा घटक चर्चेच्या केंद्रस्थानी आणणे, हे या अभ्यासाचे मोठे योगदान होय.

याउलट, आपल्या विद्यापीठांतील अनेक प्रबंधांत ऊसतोड स्त्रीचे चित्रण केवळ ‘समस्याग्रस्त’ म्हणून होते. समस्यांची यादी दिली जाते, टक्केवारीचे तक्ते येतात, परंतु उचल, टनाचा दर आणि ‘खाडा’ यांचे अर्थशास्त्र मांडले जात नाही. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हा आकडा आरोग्याचा म्हणून वाचला गेला. त्या वेळी खासगी वैद्यकीय व्यवसायातील नफेखोरीची चर्चा झाली, तशीच कामावरील खाड्याच्या धाकाचीही झाली. एका दिवसाच्या गैरहजेरीची किंमत जेथे संपूर्ण कोयत्याला मोजावी लागते, तेथे स्त्रीचे शरीर हाही श्रमबाजाराचा विषय बनतो. ही मांडणी श्रम अर्थशास्त्राने करावयास हवी होती. ती प्रामुख्याने पत्रकार व कार्यकर्त्यांनी केली.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्त्रियांच्या स्थलांतराचे अल्पदर्शन ही केवळ आकडेवारीची त्रुटी नसून संकल्पनेची त्रुटी आहे. सर्वेक्षणात एकाहून अधिक कारणे नोंदविण्याची सोय असावी. कोयत्याच्या मजुरीतील स्त्रीचा वाटा स्वतंत्रपणे अंदाजित केला जावा. पाहणी गावात आणि फडावर अशा दोन्ही ठिकाणी व्हावी. जिची मजूर म्हणून नोंद नाही, तिला अपघात-भरपाई, प्रसूती-रजा वा कल्याणकारी योजनेचा हक्क सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून हा प्रश्न केवळ पद्धतिशास्त्राचा नाही. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या वर्गांत या कोपींवर वाढलेले विद्यार्थी बसतात. त्यांना हाताशी घेऊन असे संशोधन करणे आपल्या आवाक्यातील आहे आणि त्याची सुरुवात प्रश्नावलीतील एका रकान्याच्या दुरुस्तीपासूनही होऊ शकते.