‘बोनस’ की परिशिष्ट? : पीट टाउनशेंड यांच्या मेहेरबाबा-गीतांच्या पुनर्प्रकाशनांची चिकित्सा

प्रास्ताविक

एखाद्या कृतीची प्रमाण संहिता कोणती, हा प्रश्न मराठी अभ्यासकाला नवा नाही. ज्ञानेश्वरी आपल्याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे शके १५०६ मध्ये संत एकनाथांना तिच्या पाठशुद्धीचे काम हाती घ्यावे लागले आणि त्यात कोणी नवी ओवी घालू नये, असा निर्बंधही त्यांनी घातला. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. तीत प्रक्षिप्त ठरलेला मजकूर नष्ट केलेला नाही. तो तळटीपांत व परिशिष्टांत दिला आहे. मूळ संहितेचा मान राखून उरलेल्या सामग्रीचे जतन कसे करावे, याचे हे दोन वस्तुपाठ होत.

ग्रंथांच्या बाबतीत सुटलेला हा प्रश्न ध्वनिमुद्रित संगीताच्या बाबतीत मात्र अजून पुरता विचारलाही गेलेला नाही. गेल्या चार दशकांत पाश्चात्त्य रॉक संगीताचे गाजलेले आल्बम पुन्हा प्रकाशित करताना त्यांना पूर्वी अप्रकाशित राहिलेली मुद्रणे ‘बोनस’ म्हणून जोडण्याची प्रथा रूढ झाली आहे. हा विषय नगरच्या वाचकाला दूरचा वाटेल. परंतु या प्रथेचे एक महत्त्वाचे उदाहरण थेट अरणगावजवळच्या मेहेराबादशी निगडित आहे. ‘द हू’ या ब्रिटिश वाद्यवृंदाचे गीतकार-गिटारवादक पीट टाउनशेंड हे अवतार मेहेरबाबांचे अनुयायी. त्यांनी बाबांप्रीत्यर्थ केलेली गीते आणि त्या गीतांची पुढील पुनर्प्रकाशने यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘बोनस’ सामग्रीचे स्वरूप व कारणे

ध्वनिमुद्रणगृहात एकच गीत अनेकदा गायले-वाजवले जाते. अशा प्रत्येक प्रयत्नास ‘टेक’ म्हणतात. त्यांपैकी एक निवडला जातो. बाकीचे फितीवर तसेच राहतात. पुष्कळदा संपूर्ण गीतच आल्बममधून वगळले जाते. अशा वगळलेल्या मुद्रणाला ‘आउटटेक’ ही संज्ञा आहे. ‘डेमो’ हा प्रकार याहून निराळा. गीत सहकाऱ्यांना समजावे म्हणून रचनाकाराने आधी करून ठेवलेला तो नमुना असतो. आउटटेक निवडीनंतर मागे उरतो, तर डेमो निवडीच्या आधीच जन्मलेला असतो. पुनर्प्रकाशनाच्या वेष्टनावर मात्र दोन्ही एकाच ‘बोनस’ या शब्दाखाली येतात.

या प्रथेमागची कारणे बरीचशी तांत्रिक आणि व्यावहारिक आहेत. जुन्या लाँगप्ले तबकडीच्या दोन बाजूंवर सामान्यतः ४० ते ४५ मिनिटांचे संगीत मावत असे. १९८२ पासून बाजारात आलेल्या सीडीची क्षमता सुमारे ७४ मिनिटांची होती. जुना आल्बम सीडीवर आणला की अर्धा तास रिकामा राहू लागला. शिवाय ज्याच्याकडे तबकडी आधीच आहे त्याने तोच आल्बम पुन्हा विकत घ्यावा, यासाठी काही निमित्त हवे होते. चोरट्या ध्वनिमुद्रिकांना, म्हणजे ‘बूटलेग’ना, शह देणे हे तिसरे कारण. अलीकडे कायद्याचीही भर पडली. युरोपीय संघाने २०११ मध्ये मंजूर केलेल्या निर्देशाने ध्वनिमुद्रणाच्या संरक्षणाचा काळ ५० वर्षांवरून ७० वर्षे केला. पण पन्नास वर्षांत प्रकाशितच न झालेल्या मुद्रणांना हा लाभ नाही. ‘बीटल्स’ची १९६३ सालची काही अप्रकाशित मुद्रणे डिसेंबर २०१३ मध्ये घाईने प्रकाशित झाली, ती या तरतुदीमुळेच. सारांश, ही सामग्री बाहेर येते तेव्हा तिचे कलामूल्य हे एकमेव कारण नसते. अनेकदा ते पहिलेही नसते.

अर्पणातून बाजारात

मेहेरबाबांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात झाला. १० जुलै १९२५ रोजी त्यांनी मेहेराबाद येथे मौन धारण केले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझाद येथे देह ठेवीपर्यंत ते पाळले. मेहेराबादच्या टेकडीवर त्यांची समाधी आहे. टाउनशेंड १९७२ मध्ये या समाधीच्या दर्शनास येऊन गेले.

बाबांच्या देहत्यागानंतर वर्षभराने, १९७० च्या त्यांच्या जन्मदिनानिमित्त, इंग्लंडमधील अनुयायांनी ‘हॅपी बर्थडे’ ही ध्वनिमुद्रिका मर्यादित प्रतींत काढली. पुढे १९७२ मध्ये ‘आय अ‍ॅम’ आणि १९७६ मध्ये ‘विथ लव्ह’ या मुद्रिका निघाल्या. यांत टाउनशेंड यांच्याबरोबर रॉनी लेन, बिली निकोल्स आदी सहअनुयायांचाही सहभाग होता. ही एका व्यक्तीची कामगिरी नव्हती. दिंडीत ज्याला जे येते ते तो गातो, तशी ही सामूहिक सेवा होती. दुकानातून विकण्यासाठी ती केलेली नव्हती.

परंतु टाउनशेंड यांचे नाव मोठे होते. अमेरिकेत या खासगी मुद्रिकांच्या चोरट्या प्रती फिरू लागल्या. तेव्हा त्यांतील काही गीते आणि काही नवी सामग्री घेऊन १९७२ च्या अखेरीस ‘हू केम फर्स्ट’ हा आल्बम अधिकृतपणे प्रकाशित करण्यात आला. म्हणजे पहिल्या सार्वजनिक प्रकाशनामागेच बूटलेगचा दबाव होता. तरीही या निवडीत एक विचार दिसतो. एकूण ९ गीते. त्यांत रॉनी लेन व बिली निकोल्स यांनाही स्थान. आणि शेवटी ‘परवरदिगार’. बाबांनी १९५३ मध्ये डेहराडून येथे दिलेल्या प्रार्थनेवर हे गीत आधारलेले आहे. तीच प्रार्थना मेहेराबादच्या समाधीपाशी आरतीच्या वेळी आजही म्हटली जाते.

आल्बमचा शेवट आणि १९९२ चे पुनर्प्रकाशन

भैरवी झाली की मैफल संपते. पसायदानानंतर कीर्तनकार नवे आख्यान लावत नाही. शेवट कुठे करावा हा रचनेचाच भाग असतो, हे आपल्या श्रोत्याला कोणी शिकवावे लागत नाही. ‘हू केम फर्स्ट’चा शेवट प्रार्थनेने होतो, त्याचा अर्थ याच रीतीने लावला पाहिजे. शोध, कबुली, समाधान अशा अवस्थांतून आल्बम शरणागतीपर्यंत येतो आणि तेथे थांबतो. त्यानंतरची शांतता त्या प्रार्थनेची सांगता करते.

१९९२ मध्ये हा आल्बम सीडीवर आला तेव्हा त्याच तबकडीवर ‘परवरदिगार’नंतर ६ गीते जोडण्यात आली. त्यांत ‘डे ऑफ सायलेन्स’ आणि ‘द लव्ह मॅन’ ही १९७० च्या मुद्रिकेतील, तर ‘स्लीपिंग डॉग’ आणि ‘लँटर्न केबिन’ ही १९७६ च्या मुद्रिकेतील. या मांडणीत तीन दोष संभवतात.

पहिला दोष रचनेचा. प्रार्थना आता शेवटी राहत नाही; ती मध्यावर येते. दुसरा कालक्रमाचा. १९७२ च्या कृतीला चार वर्षांनंतरची गीते जोडल्याने ती त्याच काळातली, त्याच आल्बममधून वगळलेली असावीत, असा श्रोत्याचा समज होतो. पाठचिकित्सेच्या भाषेत हा प्रक्षेपच होय. तिसरा दोष संदर्भाचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. जोडलेली सहाही गीते टाउनशेंड यांची आहेत. मूळ मुद्रिकांत ती इतर अनुयायांच्या गीतांसह, काव्यांसह येत होती. तेथून ती वेगळी काढल्याने सामूहिक अर्पणाचे रूपांतर एका ताऱ्याच्या व्यक्तिगत संग्रहात झाले. ‘डे ऑफ सायलेन्स’ या शीर्षकामागे १० जुलैचा मौनदिन आहे. त्या दिवशी अनुयायी मौन पाळतात. अशा गीताला ‘बोनस’ म्हणजे वरकड ठरवणे हा केवळ शब्दाचा प्रमाद मानता येणार नाही.

एक गीत, तीन दर्जे

‘बोनस’ ही संज्ञा किती सापेक्ष आहे, हे ‘प्युअर अँड ईझी’ या गीतावरून स्पष्ट होते. १९७१ मध्ये टाउनशेंड ‘लाइफहाउस’ नावाची महत्त्वाकांक्षी संगीतकथा रचत होते. सर्व माणसांना एका स्वरात विलीन करणारे संगीत, ही तिची मध्यवर्ती कल्पना. तीवर मेहेरबाबांच्या आणि सूफी विचारांचा प्रभाव उघड आहे. ती योजना कोसळली. तिच्यातील निवडक गीतांचा ‘हूज नेक्स्ट’ हा आल्बम ऑगस्ट १९७१ मध्ये आला. ‘लाइफहाउस’ची मध्यवर्ती कल्पना सांगणारे ‘प्युअर अँड ईझी’ मात्र त्यातून वगळले गेले.

पुढे काय झाले? टाउनशेंड यांनी एकट्याने केलेला या गीताचा डेमो १९७२ मध्ये ‘हू केम फर्स्ट’चे पहिले गीत म्हणून आला. ‘द हू’ने वाजवलेले रूप १९७४ मध्ये ‘ऑड्स अँड सॉड्स’ या उरल्यासुरल्या गीतांच्या संकलनात आले. हे संकलनही बूटलेगना उत्तर म्हणूनच निघाले होते. नंतर १९९५ मध्ये ‘हूज नेक्स्ट’च्या पुनर्प्रकाशनात तेच गीत ‘बोनस’ म्हणून जोडले गेले. एकच गीत एका ठिकाणी आरंभ, दुसऱ्या ठिकाणी उरलेला माल आणि तिसऱ्या ठिकाणी वरकड ठरते. गीताचा दर्जा त्याच्या गुणावरून ठरलेला नाही. तो प्रकाशनाच्या गरजेवरून ठरला आहे.

पूर्वपक्ष : श्रोत्याचा लाभ

येथे पूर्वपक्ष असा होऊ शकतो की, ही पुनर्प्रकाशने झाली नसती तर खासगी मुद्रिका मूठभरांच्याच कपाटात राहिल्या असत्या. हा आक्षेप सबळ आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

‘बाबा ओ’रायली’चे उदाहरण घेऊ. या गीताच्या नावात मेहेरबाबा आणि अमेरिकन संगीतकार टेरी रायली या दोघांची नावे गुंफलेली आहेत. ‘हूज नेक्स्ट’वरील रूप पाच मिनिटांचे आहे. त्यात ऑर्गनवरील आवर्तनांवर ड्रम, गिटार, गायन आणि शेवटी व्हायोलिन चढत जाते. ‘आय अ‍ॅम’ मुद्रिकेवर याच गीताचे सुमारे दहा मिनिटांचे शब्दविरहित रूप आहे. ते ऐकल्यावर कळते की ती आवर्तने मुळात प्रस्तावना नव्हती. तीच कृती होती. लहान स्वरसमूह पुन्हा पुन्हा फिरतो, किंचित बदलतो आणि पुन्हा मूळपदावर येतो. नामस्मरणाशी परिचित श्रोत्याला ही रीत अनोळखी वाटणार नाही. क्रीडांगणांत हजारोंच्या गर्जनेत वाजणाऱ्या गीताच्या तळाशी हे ध्यानमग्न रूप आहे, याचा पुरावा त्या अप्रसिद्ध मुद्रणाशिवाय मिळाला नसता. समीक्षेला अशा सामग्रीची गरज आहे, हे निर्विवाद.

म्हणून सामग्री प्रकाशित करावी की नाही, हा खरा वाद नाही. ती कोणत्या नात्याने प्रकाशित करावी, हा आहे. कर्त्याची संमती हाही मुद्दा येथे आड येत नाही, कारण टाउनशेंड हयात असताना आणि त्यांच्याच सहभागाने हे घडले आहे. तथापि कर्ता स्वतः संपादक झाला म्हणजे संपादनाचे दोष दोष राहत नाहीत, असे म्हणता येणार नाही.

पर्यायी मांडणी

निर्दोष मांडणी अशक्य नाही, हे नंतरच्या प्रकाशनांवरून दिसते. २००० मध्ये ‘अवतार’ या संचात तिन्ही खासगी मुद्रिका त्यांच्या स्वतंत्र रूपात एकत्र आल्या. त्या कशाच्याही पुरवण्या नाहीत. त्यांचे सामूहिक स्वरूपही टिकून आहे. २०१८ मध्ये ‘हू केम फर्स्ट’ दोन तबकड्यांत आला. पहिलीवर मूळ ९ गीते आहेत. पूरक मुद्रणे दुसऱ्या तबकडीवर आहेत. ‘परवरदिगार’ला शेवटचे स्थान परत मिळाले. परिशिष्टाचे तत्त्व येथे आपोआप पाळले गेले आहे. २०२३ मध्ये ‘हूज नेक्स्ट’ व ‘लाइफहाउस’ यांचा १० सीडींचा संच निघाला. त्यात १५५ मुद्रणे असून त्यांपैकी ८९ पूर्वी अप्रकाशित होती. त्यात डेमो, मुद्रणगृहातील प्रयत्न आणि प्रत्यक्ष मैफली वेगवेगळ्या गटांत दिल्या आहेत. अभ्यासकाला तो उपकारक आहे. तरीही एवढ्या विस्तारात मूळ नऊ गीतांची चाळीसेक मिनिटे हरवण्याचा धोका राहतोच. चिकित्सक आवृत्ती अभ्यासिकेत असावी. नित्यपाठाची पोथी वेगळी असावी. दोहोंची गल्लत झाली की दोहोंचे नुकसान होते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. (१) डेमो, आउटटेक आणि खासगी अर्पण हे तीन भिन्न प्रकार आहेत. त्यांना ‘बोनस’ या एकाच नावाखाली आणणे चुकीचे आहे. (२) आल्बमचा शेवट हा रचनेचा घटक असल्याने पूरक सामग्री त्याच्या पाठोपाठ न जोडता स्वतंत्रपणे द्यावी. (३) प्रत्येक पूरक मुद्रणाबरोबर त्याचे वर्ष, मूळ स्थान व प्रयोजन नोंदवावे. (४) सामूहिक कृतीतून एकाच कलावंताचा भाग वेगळा काढताना इतरांचा उल्लेख राहील, हे पाहावे.

या निकषांची गरज केवळ पाश्चात्त्य संगीतापुरती नाही. आपल्याकडील घरगुती बैठकी, भजनी मंडळे, कीर्तने यांच्या जुन्या फिती आज अनेक घरांत पडून आहेत आणि त्या हळूहळू प्रकाशात येत आहेत. त्या कोणासाठी गायल्या गेल्या होत्या, हे नोंदवल्याशिवाय त्या लोकांपुढे ठेवल्या तर हाच प्रमाद आपल्या हातून होईल. ४४ वर्षे मौन पाळणाऱ्या सत्पुरुषाच्या स्मरणार्थ गायलेले गीत जगाने ऐकावे, यात वावगे काही नाही. मात्र ते कोणाच्या चरणी वाहिलेले होते, एवढे त्याच्या वेष्टनावर लिहिलेले असावे.