मेंदूतील तरंग आणि 'अनुभवा'चा पुरावा

ज्यांचे निरीक्षण करता येत नाही अशा आंतरिक प्रतिसादांची भाषा मानसशास्त्राला टाळता येत नाही. ती कोणत्या अटींवर वापरावी, एवढाच प्रश्न आहे. वॉटसनने 1913 साली चेतनेला शास्त्राबाहेर काढले. परंतु उद्दीपक व वर्तन यांतील दुवा सांगण्यासाठी टोलमन आणि हल यांना अदृश्य घटक पुन्हा आत घ्यावे लागले. 1948 मध्ये मॅकोर्कोडेल व मील यांनी अशा घटकांचे दोन वर्ग केले. निरीक्षणांचा केवळ संक्षेप करणारे मध्यस्थ चल हा पहिला, आणि निरीक्षणापलीकडील वस्तूचे अस्तित्व गृहीत धरणारी परिकल्पित रचना हा दुसरा. पहिल्याच्या नावाखाली दुसरीचा प्रवेश होऊ नये, असा त्यांचा इशारा होता. तो न पाळल्यास काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे.

जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपींना जन्मठेप दिली. इतर परिस्थितिजन्य पुराव्याबरोबर मेंदूच्या विद्युत्-आंदोलनांच्या चाचणीचाही आधार घेण्यात आला. मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केलेल्या या चाचणीत डोक्यावर विद्युतग्र बसवलेली व्यक्ती डोळे मिटून स्वस्थ बसते. तिला घटनेविषयीची प्रथमपुरुषी विधाने ऐकवली जातात. ती एक शब्दही बोलत नाही. नोंदलेल्या तरंगांवरून त्या कृतीचे 'अनुभवजन्य ज्ञान' तिच्या ठायी आहे की नाही, हे ठरवले जाते.

तरंग खरे आहेत, यात शंका नाही. विशिष्ट विधानानंतर विशिष्ट तरंग उमटतो, इतके म्हटले तर ते मध्यस्थ चल होईल. परंतु 'अनुभवजन्य ज्ञान' हे नाव त्यापलीकडे जाते: ही कृती त्या व्यक्तीने स्वतः केली, असे ते सांगू पाहते. ही उडी कशाच्या बळावर?

बागलाणातील नामपूरच्या एखाद्या रहिवाशाला 'मी मोसम नदीच्या पुरात उतरलो' हे वाक्य ऐकवावे, अशी कल्पना करू. तो पुरात उतरला असेल. काठावरून त्याने पूर पाहिला असेल. किंवा आजोबांच्या तोंडून ती हकीकत शंभरदा ऐकून तिचे चित्र त्याच्या मनात पक्के झाले असेल. कृती, दर्शन आणि श्रवण यांचे तरंग निरपवादपणे वेगळे असतात, हे आधी सिद्ध झाले पाहिजे. आरोपीने तर तपासात व तुरुंगात तीच घटना पुनःपुन्हा ऐकलेली असते. चुकीच्या निष्कर्षाचे प्रमाण किती, हे स्वतंत्र संशोधकांनी तपासल्याखेरीज त्या नावाला आधार नाही. निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही 2008 मध्ये ही चाचणी अशास्त्रीय ठरवली.

5 मे 2010 रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून अशा चाचण्या करणे घटनाबाह्य ठरवले. तो निर्णय स्वागतार्हच आहे. पण त्याचा मुख्य भर व्यक्तीच्या हक्कावर होता. संमती मिळाली म्हणून अनुमान शुद्ध होत नाही. तो प्रश्न न्यायालयाचा नव्हे, आपल्या शास्त्राचा आहे. अदृश्याला नाव देण्याचा अधिकार मानसशास्त्राने अवश्य बजवावा. मात्र त्या नावावर एखाद्याचे आयुष्य तोलले जाणार असेल, तर नाव आणि पुरावा यांतील अंतर आधी मोजावे.