वेताळाचं दुसरं नाव

"कॅरेक्टरचं नाव?" कॉस्प्लेच्या नोंदणीला बसलेल्या मुलीने विचारलं.

"वेताळ," माझा मामेभाऊ म्हणाला.

तिचं पेन थांबलं. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. अंगासरसा जांभळा पोशाख, डोळ्यांवर काळा मुखवटा, कमरेला कवटीचा पट्टा, बोटात कवटीची अंगठी. तिला काही उलगडा होईना. मागे रांग वाढत होती. मी पुढे झालो आणि म्हणालो, "फँटम. फँटम लिहा." तिने लिहिलं, त्याच्या छातीवर नंबर चिकटला, आम्ही बाजूला झालो. मामेभाऊ तेव्हा काही बोलला नाही. अर्ध्या तासाने चहा घेताना त्याने एवढंच विचारलं, "दादा, तू नाव का बदललंस?"

मुंबई कॉमिक कॉनबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं या प्रश्नापाशी येऊन थांबतं. मी तिथे दोन दिवस होतो, दोन्ही दिवस मजेत होतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा जाणार आहे. तेव्हा हा रुसलेल्या माणसाचा लेख नाही.

आधी या जत्रेची कुंडली. कॉमिक कॉन इंडिया २०११च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटमध्ये सुरू झाली, जतिन वर्मा यांच्या पुढाकाराने. त्याच वर्षी ती मुंबईतही आली. २०२४मध्ये नॉडविन गेमिंगने ती विकत घेतली. या कंपनीचा मूळ व्यवसाय ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा भरवण्याचा. नावात अजून 'कॉमिक' आहे. पण बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये शिरल्यावर कानावर आधी येतो तो गेमिंगच्या बाजूचा कल्लोळ. मग दिसतात लुफीच्या गवती टोप्या, नारुतोच्या कपाळपट्ट्या, तलवारींच्या प्रतिकृती, की-चेन, टी-शर्ट. छापलेलं कॉमिक शोधावं लागतं. ते चित्रकारांच्या टेबलांच्या रांगेत सापडतं. तिथे माणूस स्वतः काढलेलं पुस्तक समोर मांडून बसलेला असतो, आणि तुम्ही पान उलटताना तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतो. दोन दिवसांतला माझा सर्वांत चांगला वेळ त्या रांगेत गेला.

तिथेच एक गोष्ट लक्षात आली. मी पाहिलेल्या एकाही पुस्तकातल्या फुग्यांमध्ये मराठी नव्हतं. इंग्रजी होतं, हिंदी होतं. नजरेतून एखादं सुटलं असेल, पण मी शोधत होतो. मुंबईत, आजूबाजूला निम्मी गर्दी मराठीत बोलत असताना, मला ते सापडलं नाही.

याचा दोष आयोजकांना देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण पुस्तकच नसेल तर ते टेबलावर कोण मांडणार?

आता वेताळाकडे. मामा भुसावळला रेल्वेत होता. ड्यूटी संपली की स्टेशनवरच्या स्टॉलवरून इंद्रजाल कॉमिक्स घ्यायचा आणि फैजपूरला घरी आणायचा. त्याची ती पत्र्याची पेटी आमच्या सगळ्या भावंडांची शाळा होती. इंद्रजाल १९६४च्या मार्चमध्ये सुरू झालं, टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून, आणि १९९०मध्ये बंद पडलं. माझा जन्म त्यानंतरचा. म्हणजे मी वाचत होतो ते बंद पडलेल्या दुकानातलं सामान. ते मला कधी जुनं वाटलं नाही, कारण ते मराठीत होतं आणि घरातलं होतं.

ली फॉकचा फँटम अमेरिकेतल्या वृत्तपत्रात पहिल्यांदा आला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, त्यामुळे लोकांना वाटतं हा मरतच नाही. म्हणून त्याला चालतं-फिरतं भूत म्हणतात. हा माणूस मराठीत आणताना 'फँटम' तसंच ठेवता आलं असतं. 'भूत' म्हणता आलं असतं, पण ते हास्यास्पद झालं असतं. कुणीतरी 'वेताळ' लिहिलं. मराठी कॉमिक्सच्या इतिहासातला हा सर्वांत चांगला एक शब्द असावा असं मला वाटतं. वेताळ हा भुतांचा राजा. गावाच्या वेशीबाहेर शेंदूर फासून बसलेला. त्याची भीती वाटते, पण तो गावाचा राखणदारही असतो. विक्रमाच्या खांद्यावर बसून न्यायाचे प्रश्न विचारणारा तोच. भीती, राखण आणि न्याय, हे तिन्ही ली फॉकच्या नायकात होतं; मराठी शब्दात ते आधीच साठलेलं होतं. अनुवादकाने फक्त झाकण उघडलं.

त्या नावाने एक लबाडीही केली, हेही सांगायला हवं. फँटम हा गोरा माणूस आहे. तो जंगलातल्या काळ्या माणसांवर पिढ्यान् पिढ्या पहारा ठेवतो आणि ती माणसं त्याला देव मानतात. ही साम्राज्याच्या काळातली कल्पना आहे आणि आज वाचताना ती टोचते. 'वेताळ' या नावाखाली ती झाकली गेली. लहानपणी मला तो गोरा आहे हे दिसतच नव्हतं. मला तो आमच्याकडचाच कुणीतरी वाटायचा. चांगलं भाषांतर कधीकधी असं फसवतं. तरीही मी ते नाव सोडायला तयार नाही. नाव आपलं झालं म्हणून तर त्या नायकाशी भांडायचा हक्कही आपला झाला.

फैजपूरच्या माणसाला १९३६ म्हटलं की दुसरंच काही आठवतं. त्याच वर्षी डिसेंबरच्या २७ आणि २८ तारखेला आमच्या गावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तयारीसाठी साने गुरुजी खान्देशात गावोगाव फिरले. आणि अधिवेशनाचं नगर, त्याचं नाव टिळकनगर, सजवायला गांधींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. अट अशी की बाहेरचं महागडं सामान नको. जवळपास जे मिळतं त्यातून उभं करायचं. बांबू आणि गावचे कारागीर. सोबत खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन. शाळेत हे आम्हाला इतक्यांदा ऐकवलं गेलं की कंटाळा यायचा. बीकेसीत फिरताना ते पहिल्यांदा उपयोगी पडलं.

म्हणजे गावची जत्रा खरी आणि शहरातली खोटी, असं मला म्हणायचं नाही. वाकिझाशी तलवार बांबूची करा, असा माझा आग्रह नाही. नंदलाल बोसही शांतिनिकेतनहून रेल्वेनेच आले होते. कल्पना बाहेरूनच येतात आणि याव्यात. प्रश्न इतकाच, की बाहेरून आलेल्या कल्पनेला इथलं सामान लागलं की नाही. वेताळाला ते लागलं होतं. मामेभावाच्या पोशाखालाही लागलं होतं. कापड जळगावच्या फुले मार्केटमधलं, शिवण आमच्या गल्लीतल्या शिंप्याची, पट्ट्यावरची कवटी कागदाच्या लगद्याची, अंगठीवरची एमसीलची. मामाने पेटीतला अंक समोर धरून कवटीचे डोळे तीनदा बदलायला लावले. आसपास तयार, मागवलेले पोशाख बरेच होते. पण गर्दी थांबायची ती घरी केलेल्यांपाशी, पुठ्ठा आणि फोमचे सांधे दिसत असलेल्यांपाशी. प्रेक्षकांना हा फरक बरोबर कळत होता.

जपानमध्ये कोमिकेट नावाची जत्रा आहे. १९७५च्या डिसेंबरात टोकियोत सुरू झाली तेव्हा ३२ गट आणि सुमारे ७०० माणसं होती. पुढे ती लाखांची झाली. तिथलं एक तत्त्व मला फार आवडतं: इथे गिऱ्हाईक कुणीच नाही. विकणारा, विकत घेणारा, व्यवस्था पाहणारा, सगळे सहभागी. लोक स्वतः काढलेली पुस्तकं घेऊन येतात, बहुतेक आपल्या आवडत्या पात्रांवर रचलेली. आपल्याकडे चाहता म्हणजे टी-शर्ट घेणारा, असा अर्थ रूढ होत चालला आहे. तिकिटाच्या रांगेत उभं राहून मीही तोच अर्थ पक्का करत होतो. मी त्या दोन दिवसांत किती खर्च केला ते इथे लिहीत नाही. मराठीत काय केलं, असं विचारलं तर उत्तर आहे: काही नाही.

आणि हात नव्हते असंही नाही. 'अमर चित्र कथा'च्या 'कृष्ण'ची चित्रं राम वाईरकरांची, 'टिंकल'मधला सुपंडी पहिल्यांदा काढला तोही त्यांनीच. शिकारी शंभूला टोपीखाली डोळे झाकून उभा केला तो वसंत हळबे यांनी. १९८६मध्ये आलेल्या हिंदी नागराजचा पहिला चेहरा प्रताप मुळीकांचा. दिलीप कदमांची रेषा तर उत्तर भारतातल्या एका पिढीला पाठ आहे. भारतीय कॉमिक्सचा मोठा भाग मराठी हातांनी काढला. फुग्यातले शब्द मात्र इंग्रजी किंवा हिंदी राहिले. मराठी आली ती बहुतेक वेळा मागाहून, भाषांतर म्हणून. १९९१पासून 'सकाळ'मध्ये 'चिंटू' आला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा, आणि घराघरात वाचला गेला. म्हणजे वाचकही होते. तरी चिंटूच्या मागे दहा चिंटू उभे राहिले नाहीत. आज क्रंचीरोलवर जपानी मालिका हिंदी, तमिळ, तेलुगूत ऐकायला मिळतात. मराठीत का नाही, असं मी मित्रांना विचारलं. त्यांचं उत्तर: "आपल्याला हिंदी समजतं ना."

हे उत्तर मी ओळखतो. ते माझ्या कामाचा भाग आहे. मी ज्या ॲपवर काम करतो त्यात प्रत्येक भाषेची एक फाइल असते. बटणावर काय लिहायचं, चूक झाली तर काय सांगायचं, अशी वाक्यं तिच्यात असतात. मराठीच्या फाइलमध्ये एखादं वाक्य नसलं तर ॲप बंद पडत नाही. गुपचूप इंग्रजी वाक्य दाखवतं. याला आम्ही फॉलबॅक म्हणतो. सोय चांगली आहे. पण तिचा एक परिणाम होतो: वाक्य नाही हे कुणाच्या लक्षातच येत नाही. काही मोडत नाही, म्हणून कुणी तक्रार करत नाही. तक्रार नाही, म्हणून ते वाक्य कधी लिहिलं जात नाही. मराठीची फाइल वर्षानुवर्षं अर्धी राहते आणि सगळं सुरळीत चालू आहे असं वाटतं.

नोंदणीच्या टेबलापाशी मी तो फॉलबॅक होतो. त्या मुलीने अजून "म्हणजे कोण?" असं विचारलंही नव्हतं. विचारलं असतं तर मामेभावाने सांगितलं असतं, दहा सेकंद लागले असते, आणि 'वेताळ' हा शब्द त्या कागदावर उमटला असता. मी ते दहा सेकंद वाचवले. चहा घेताना मी त्याला म्हणालो, "कुणाला कळलं नसतं रे." तो म्हणाला, "फँटम तरी कुठे कुणाला कळला?" खरं होतं. सकाळपासून त्याला तिघांनी दुसऱ्याच कुठल्या सुपरहिरोच्या नावाने हाक मारली होती. म्हणजे मी नाव देऊन टाकलं होतं आणि बदल्यात काही मिळालंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने नोंदणी केली नाही. एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, मार्करने ठळक 'वेताळ' लिहिलं आणि गळ्यात अडकवला. बहुतेक लोक वाचून पुढे जात होते. दुपारी नेझुकोच्या वेशातली, तोंडात बांबूची नळी धरलेली एक मुलगी थांबली. नळी काढून तिने मराठीत विचारलं, "विक्रम-वेताळमधला? मग विक्रम कुठंय?"

मामेभावाने तिची चूक सुधारली नाही. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा काय." आणि माझ्या पाठीवर चढला. आजूबाजूचे पाच-सात जण फोन काढून जमले. कुणीतरी ओरडलं, "ए विक्रम, बोलू नकोस, नाहीतर तो परत झाडावर जाईल!" मी दोन मिनिटं वाकून, गप्प उभा होतो. ली फॉकच्या फँटममध्ये हे नव्हतं, आणि जुन्या कथेत जांभळा पोशाख नव्हता. ते तिथे, त्या नावामुळे, त्या गर्दीने तयार केलं. 'फँटम' लिहिलेल्या कागदातून ते निघालं नसतं. दोन दिवसांत मी गिऱ्हाईक नव्हतो असा तेवढाच वेळ.

रात्री मामाचा फोन आला. "मंग, वयखलं का रे कोनी?" आम्ही त्याला तो फोटो पाठवला. थोडा वेळ काही आलं नाही. मग त्याने लिहिलं, "हा कोनता? आपला का विक्रमाचा?" मामेभाऊ उत्तर टाइप करत होता तोवर दुसरा मेसेज आला: "कवटीचा डावा डोया बारीक झाला. सांगतलं होतं."