दुसरी बोली कोणाची? जुन्या कळफलकांचे ऑनलाइन लिलाव

माळशिरसमध्ये जुन्या कीबोर्डांच्या लिलावावर व्याख्यान आहे म्हटल्यावर काही जणांना वाटलं असेल, विषय छापताना गडबड झाली. (हशा) गडबड नाही. हा विषय या गावाच्या अगदी जवळचा आहे. किती जवळचा, ते पुढे येईलच.

आधी परदेशातला शौक समजून घेऊ. आज आपण जे स्वस्त कीबोर्ड वापरतो त्यांत कळांच्या खाली रबराची एक चादर असते. कळ दाबली की रबराची टोपी बसते, सोडली की उठते. जुन्या यांत्रिक कीबोर्डांत प्रत्येक कळीला स्वतःची स्प्रिंग, स्वतःचा स्विच. आयबीएमचा मॉडेल एम हा त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध, १९८५ पासूनचा. त्यात कळीखालची स्प्रिंग दाबता दाबता एका क्षणी वाकते आणि 'टक्' होतं. कळ लागली हे बोटाला आणि कानाला एकाच वेळी कळतं. हा कीबोर्ड वजनाला दोन किलोंच्या आसपास भरतो. डोक्यात घातला तर खोक पडेल. (हशा)

या वस्तूंचे लिलाव इंटरनेटवर चालतात, आणि त्यांच्या जाहिराती वाचण्यासारख्या असतात. आम्ही त्या साहित्यप्रकार म्हणून वाचतो. आजची समीक्षा वस्तूंपेक्षा या जाहिरातींची जास्त आहे. मॉडेल एमची चांगली जाहिरात काय सांगते? मागच्या लेबलचा फोटो देते. त्यावर उत्पादनाची तारीख असते आणि भाग क्रमांक असतो. १३९१४०१ हा आकडा शौकीन लोकांना पाठ असतो. आतल्या पत्र्याला धरून ठेवणारे प्लास्टिकचे रिव्हेट किती तुटलेत, कुठली कळ बदललेली आहे, केबल मूळची आहे का, हे सगळं विक्रेता लिहितो. तो प्रामाणिक असतो म्हणून नव्हे. घेणारे जाणकार आहेत आणि खोटं लिहिलं तर वस्तू परत येईल, हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे जाहिरातीची भाषा विक्रेत्याच्या हातात नसते, वाचणाऱ्याच्या हातात असते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट लिलावाच्या गणिताची. ईबेसारख्या ठिकाणी तुम्ही तुमची कमाल बोली गुपचूप टाकून ठेवता. समजा तुम्ही दहा हजार टाकले आणि तुमच्या खालच्याने तीन हजार. तुम्हाला वस्तू दहा हजारांना पडत नाही, तीन हजारांच्या थोडं वर पडते. किंमत कोण ठरवतो? जिंकणारा नाही, त्याच्या खालचा. म्हणून मुरलेले शिकारी शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात, दुसऱ्याला विचार करायला वेळच मिळू नये म्हणून. एखाद्या वस्तूची किंमत जाणणारा जगात एकच माणूस असेल, तर त्याला ती मातीमोल मिळते. किंमत वर जायला जाणणारे दोघं लागतात.

आता आपल्याकडे या. भारतात बाझी डॉट कॉम नावाची लिलावाची साइट होती, २००४ साली ईबेने ती घेतली. ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. त्यानंतर आपल्याकडचा शिकारी एक तर परदेशातून मागवतो, नाहीतर जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत धुंडाळतो. तिथे लिलाव नसतो, 'शेवटचा भाव सांगा' असतं. या धुंडाळण्यात पोरांना एक देशी वस्तू सापडली, ती म्हणजे टीव्हीएस गोल्ड. मेडिकलच्या काउंटरवर, बिलिंगला खडखड वाजणारा तो जाडजूड कीबोर्ड आठवा. त्यात जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच असायचे. ज्या पोराने परदेशी मॉडेल एमचे फोटो बघून उसासे टाकले, त्याच्या बापाच्या दुकानात तोच शौक पीठ आणि हळद खात पडला होता. टीव्हीएस गोल्डबद्दल यापेक्षा जास्त बोलत नाही. वस्तू चांगली, टिकाऊ, आणि तिची कदर आता होते आहे. तिच्यावर अन्याय होत नाहीये.

अन्याय होतोय तो तिच्या आजोबांवर. मॉडेल एमची 'टक्' आयबीएमने मुद्दाम आपल्या सिलेक्ट्रिक टंकलेखन यंत्राच्या स्पर्शाशी जुळवली होती. त्याच्याही मागे गेलो तर १८७४ चं रेमिंग्टन. आजही मराठी सॉफ्टवेअरमध्ये कळफलक निवडताना 'रेमिंग्टन मराठी' असा पर्याय दिसतो, तो त्याच घराण्याचा. तेव्हा मराठी माणसासाठी जुना यांत्रिक कळफलक म्हणजे मराठी टाइपरायटर. आणि तो माळशिरसमध्ये कुठे होता हे सांगायला नको. तहसील आणि कोर्टाच्या आवारात, झाडाखाली, पत्र्याखाली, एका टेबलावर. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याचे अर्ज, वाटणीचे दावे, खरेदीखतं, प्रतिज्ञापत्रं. या तालुक्यातली भांडणं आणि समेट दोन्ही त्या कळांवरून गेलेत.

शिवाय टायपिंग इन्स्टिट्यूट. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीस शब्द प्रति मिनिट असं प्रमाणपत्र लागायचं, आजही लागतं. बारावी झाली की 'टायपिंग लाव' असं घरातून सांगायचे. शेतीत तिसऱ्या भावाचा हिस्सा निघत नव्हता त्या घरांना त्या तीस शब्दांनी पगार दिला. राज्य परीक्षा परिषदेची टाइपरायटरवरची शेवटची परीक्षा २०१७ मध्ये झाली. त्यानंतर सगळं संगणकावर. एका झटक्यात राज्यभरच्या इन्स्टिट्यूटमधली यंत्रं बिनकामाची झाली आणि बाजारात आली.

ती बाजारात कशी आली ते बघा. कार्यालयांतली यंत्रं आधी जडसंग्रह नोंदवहीत असतात, मग त्यांचं निर्लेखन होतं. सरकारी भंगाराचे मोठे लिलाव आता एमएसटीसीसारख्या साइटवर ऑनलाइन होतात, छोटे अजून मोहोरबंद निविदांवर. त्या यादीची भाषा कशी? 'टंकलेखन यंत्र, नादुरुस्त, नग सहा.' पुढे लाकडी खुर्च्या, पुढे पंखे. गोदरेज की रेमिंग्टन की फॅसिट, मराठी की इंग्रजी, काही नाही. आणि घेणारा ते किलोवर घेतो.

तिथून जे थोडे नग वाचतात ते ऑनलाइन येतात, आणि भाषा एकदम पालटते. 'अँटिक. रेअर. ब्रिटिशकालीन. शोपीससाठी उत्तम. सर्व कळा चालू.' वास्तविक गोदरेजचा पहिला टाइपरायटर १९५५ चा, म्हणजे स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी. तरी तो ब्रिटिशकालीन! (हशा) परदेशी जाहिरातीत देवनागरी यंत्राला सरसकट 'हिंदी' म्हणतात, कधी कधी चक्क 'संस्कृत'. आणखी एक लाडका शब्द म्हणजे 'जगातला शेवटचा'. याचं मूळ आपल्या शेजारी आहे. इथून नातेपुते, फलटण, लोणंद करत पालखीच्या उलट वाटेने गेलं की पुढे शिरवळ लागतं. गोदरेजचे टाइपरायटर शेवटची वर्षं तिथे बनत. २००९ मध्ये उत्पादन थांबलं, आणि एप्रिल २०११ मध्ये जगभर बातमी पसरली की जगातला शेवटचा टाइपरायटरचा कारखाना बंद झाला. बातमी अर्धी खरी होती. ब्रदर कंपनी ब्रिटनमध्ये २०१२ पर्यंत विजेवरचे टाइपरायटर बनवत होती. पण 'शेवटचा' हा शब्द विकणाऱ्यांना आवडला, आणि तो प्रत्येक गोदरेजला चिकटला.

आमची तक्रार अतिशयोक्तीवर नाही. बाजार आहे, थोडं फुगवून सांगणारच. तक्रार अशी की निर्लेखनाची यादी आणि 'अँटिक'ची जाहिरात, दोन्ही एकच गोष्ट गाळतात. त्या यंत्रावर अक्षरं कोणती आहेत, हे एकही सांगत नाही. यादीला लोखंड दिसतं, जाहिरातीला शोपीस दिसतो.

आणि मराठी यंत्राची सगळी अक्कल अक्षरांत आहे. विचार करा, इंग्रजीला सव्वीस अक्षरं, लहान-मोठी मिळून बावन्न. यंत्राला कळा चाळीस-पंचेचाळीस, शिफ्ट धरून चिन्हं नव्वदच्या आसपास. त्यात बाराखडी, जोडाक्षरं, आकडे, विरामचिन्हं कशी बसवायची? तर काही अक्षरं पूर्ण ठेवलीच नाहीत. श, ध, भ, ण ही अर्धी दिली. काना मारला की पूर्ण होतात. म्हणून काना ही त्या यंत्रावरची सगळ्यांत राबणारी कळ, मधल्या ओळीत उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण यंत्र डावीकडून जे दिसतं तसंच छापतं. आणि मात्रा, अनुस्वार, उकार यांच्या कळा 'डेड'. साधी कळ दाबली की कॅरेज एक घर सरकतं, या दाबल्या की जागचं हलत नाही, म्हणून मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसते आणि उकार पायाशी. हे कोणी तरी बसून, मोजून, तडजोडी करून ठरवलेलं आहे. युनिकोडच्या आधीच्या काळातलं हे लिपीचं मोठं काम, आणि ते काम पुस्तकात कमी, या लोखंडात जास्त शिल्लक आहे.

आता 'सर्व कळा चालू' हे वाक्य पुन्हा वाचा. ते खरं असूनही निरुपयोगी आहे. कळ दाबली, दांडी उठली, कागदावर उमटली, चालू. पण डेड कळ बिघडून कॅरेज सरकायला लागलं असेल तर मात्रा अक्षराच्या शेजारी पडते. कळ चालू आहे, मराठी बंद आहे.

आणखी एक. कळीवर छापलेलं अक्षर वेगळं आणि दांडीच्या टोकाला डाख देऊन बसवलेला खिळा वेगळा. फोटोत कळा दिसतात. छापतो तो खिळा. कळीवरची चकती बदलणं सोपं असतं. म्हणून शिकाऱ्याने कळांच्या फोटोवर भाळू नये, खिळ्यांच्या अर्धगोलाचा जवळून काढलेला फोटो मागावा. खिळे उलटे दिसतात, आरशात धरून वाचा.

आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे टंकित नमुना मागणं. एक कागद. त्यावर काय मारून घ्यायचं? आमचा सल्ला आहे, 'माळशिरस' मारून घ्या. गंमत नाही. ळ आहे की नाही कळतं. मराठीला ळ लागतोच. वेलांटी श च्या आधी नीट बसते का, अर्धा श आणि काना जुळून एकच अक्षर दिसतं का की मधे फट राहते, एका शब्दात कळतं. मग 'अर्जदार', म्हणजे रफार. 'प्रत', म्हणजे रकार. 'सोलापूर' आणि 'पुणे', म्हणजे दोन्ही उकार. कोर्टाच्या कागदावरचे नेहमीचे चार शब्द घेतले की यंत्राची तब्येत कळते.

हे विचारणारे वाढले की जाहिराती बदलतील. मॉडेल एमच्या जाहिराती अशाच बदलल्या. आज मराठी टाइपरायटर स्वस्त मिळतो याचा अर्थ त्याला किंमत नाही असा काढला जातो. आम्हाला ते पटत नाही. त्याला दुसरी बोली नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिकारी म्हणेल, बरंच आहे की, स्वस्तात पडतो. पडतो, पण किमान बोलीही आली नाही तर विक्रेता त्याचे तुकडे करतो. कळा कापून अंगठ्या, कानातली बनवून विकणं हा परदेशात जुना उद्योग आहे. एका यंत्रापेक्षा चाळीस कळांचे पैसे जास्त येतात. ज्या कळीवर वेलांटी आहे ती कुणाच्या तरी कानात गेली की उरलेल्या यंत्रावर 'शिक्षण' लिहिता येत नाही. यंत्र इंग्रजी असतं तर सुटा भाग दुसऱ्या यंत्राचा काढून बसवला असता. तशी यंत्रं जगात ढिगाने आहेत. मराठीचा ढीग मुळातच लहान.

कोणी म्हणेल, हे भावनेचं बोलणं आहे, संग्रहालयात दोन ठेवले की झालं. नाही होत. पुढे कधी तालुक्यातला १९७० चा एखादा वादग्रस्त कागद समोर आला, तो खरा की मागाहून बनवलेला हे तपासायचं, तर अक्षराच्या झिजेवरून, वाकड्या खिळ्यावरून कुठल्या यंत्रावरचा ते ओळखता येतं. पण ताडून बघायला यंत्रं आणि त्यांचे नमुने हवेत, आणि ते त्या भागातलेच हवेत. मुंबईच्या काचेतलं यंत्र इथल्या कागदाची साक्ष देणार नाही.

एक चिठ्ठी आली आहे. 'आमच्याकडे वडिलांचं गोदरेज मराठी आहे, विकावं का? विकायचं तर तेल घालून चालू करून विकावं का?'

विकावं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. तेल मात्र घालू नका. दांड्या ज्या खाचांत फिरतात तिथे तेल गेलं की धूळ धरतं, पुढे त्याचा चिकटा होतो आणि दांड्या अर्ध्यात अडकतात. इन्स्टिट्यूटमध्ये करायचे तसं करा. ब्रश घ्या, थोडं पेट्रोल घ्या, विडी-काडी लांब ठेवा (हशा), खिळे आणि खाचा घासून काढा आणि कोरडं होऊ द्या. रिबन वाळली असेल तर नवी घाला, अजून मिळते. मग एक कोरा कागद लावा. सगळ्या कळा ओळीने, आधी साध्या, मग शिफ्टच्या. त्याखाली मगाशी सांगितलेले शब्द. वर तारीख, गावाचं नाव, यंत्राचा क्रमांक. विकलं तर तो कागद जाहिरातीत लावा आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा. नाही विकलं तर घडी घालून झाकणाखाली ठेवून द्या.