चुका दुरुस्त करणारा नकाशासंग्रह

जुने युरोपीय सागरी नकाशे पाहताना आपली नजर चित्रांवरच खिळते. फुगलेल्या शिडांची गलबते, पाण्यातून डोके काढणारे देवमासे, दिशाचक्र! पण हे नकाशे खलाशांसाठी होते. त्यांचे मोल ठरवायचे तर एकच प्रश्न विचारायला हवा : यावर भरवसा ठेवला तर जहाज बंदराला लागेल की खडकावर आपटेल? या कसोटीवर एक फ्रेंच नकाशासंग्रह घासून पाहू.

‘ल नेप्त्यून ओरियांताल’ हे त्याचे नाव. नेपच्यून हा रोमन लोकांचा समुद्रदेव. त्याचेच नाव सागरी नकाशांच्या संग्रहांना देत असत. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून भारत आणि चीनपर्यंतचा जलमार्ग यात आहे. पहिली आवृत्ती १७४५ साली निघाली, वाढवलेली आवृत्ती १७७५ साली. कर्ता दाप्रे द मानव्हिलेत (१७०७–१७८०) हा फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा कप्तान होता. आपल्याच नकाशावर विसंबून समुद्रात उतरणारा माणूस!

त्याच्यापुढची खरी अडचण रेखांशाची होती. अक्षांश दुपारच्या सूर्याच्या उंचीवरून काढता येतो. रेखांशासाठी मात्र दूरच्या ठिकाणी या क्षणी किती वाजले हे कळावे लागते. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते आणि विषुववृत्तावर १ अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. डोलत्या जहाजावर लंबकाचे घड्याळ चालत नाही. मग घड्याळ कोणते? चंद्र! तो ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो. चंद्र आणि तारा यांच्यातला कोन मोजला, की तक्त्यावरून वेळ काढता येते. १७५०-५१ साली दाप्रेच्या जहाजातून लाकाय हा खगोलशास्त्रज्ञ आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे गेला, तेव्हा दोघांनी ही पद्धत वापरून पाहिली. कोनात फक्त १ कला (अंशाचा साठावा भाग) चुकली तर वेळ २ मिनिटांनी चुकते, आणि जागा सुमारे ५५ किलोमीटरनी!

म्हणजे हा नकाशाही अचूक नव्हता. मग आम्ही त्याला चांगला का म्हणतो? कारण कर्त्याने आपले काम संपले असे मानले नाही. तीस वर्षांनी तो पुन्हा त्याकडे वळला, संग्रह वाढवला आणि जोडीला जलप्रवासाच्या सूचनांचा ग्रंथही दिला.

आता दुसरे उदाहरण पाहा. बेलँ हा त्याच काळातला फ्रेंच नकाशाकार. याचे काम मुख्यतः पॅरिसच्या कचेरीत, इतरांच्या वृत्तांतांवरून चाले. १७४४ साली त्याने उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात काही बेटे दाखवली. ती तिथे नव्हतीच! पण छापलेली रेघ पक्की दिसते. पुढच्या नकाशाकारांनी ती उतरवून घेतली, आणि १७८३ च्या पॅरिस तहात अमेरिका व ब्रिटिश मुलूख यांची सरहद्द सांगताना ‘फेलिपो’ या नसलेल्या बेटाचे नाव आले.

‘नेप्त्यून’ची प्रशंसा करताना एक उणीवही सांगायला हवी. ही उणीव अशा सगळ्याच संग्रहांची आहे. १४९८ साली वास्को द गामाला मालिंदीहून कालिकतपर्यंत आणणारा वाटाड्या स्थानिक होता. तो नेमका कोण, यावर अजून वाद आहे. अशा अनेकांचे वाऱ्यांचे आणि किनाऱ्यांचे ज्ञान युरोपीय नकाशांत मुरले. मुखपृष्ठावर मात्र नाव एकाचेच आले, आणि नकाशा कामी आला तो कंपनीच्या व्यापाराच्या.

आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या नकाशांतही सगळ्या रेघा सारख्याच ठाम असतात. त्या कुणी, कशा मोजल्या हे मुलांना कळत नाही. म्हणून एक करून पाहा. मुलांच्या तीन गटांना शाळा ते बसथांबा असा नकाशा काढू द्या. प्रत्येक भागाशी ‘मोजले’, ‘अंदाजाने’ की ‘ऐकून’ हे लिहायला लावा. मग तिन्ही नकाशे शेजारी ठेवा आणि जिथे जुळत नाहीत तिथे पुन्हा जाऊन मोजायला सांगा. कुणाचा नकाशा सुंदर यापेक्षा कुणी आपली चूक शोधली, याला गुण द्या. दाप्रेचे काम मुलांना याहून चांगले कसे समजावणार?