मवाळ बार

ओहोटीला धरमतरच्या खाडीकाठी बांधावर उभं राहिलं की आवाज किती लांबून येतो ते कळतं. मध्ये झाड नाही, टेकडी नाही. नुसता चिखल, खाजण आणि पाण्याची चिंचोळी पट्टी. डोलवीच्या बाजूला कारखान्याची घरघर चालू असते, वडखळच्या रस्त्यावर ट्रक हॉर्न देत असतात, पण चिखलात चोच खुपसून फिरणाऱ्या तुतवारांना त्याचं काही नसतं. ते आवाज त्यांनी अंगवळणी पाडून घेतलेत. कुठल्याशा वरातीतला एक फटाका वाजला, की तोच थवा एका अंगाने उठतो, वळतो आणि पार पलीकडच्या काठाला जाऊन बसतो. पाखरं मोठ्या आवाजाला भीत नाहीत, अचानक आवाजाला भितात. बंदुकीचा बार म्हणजे तर अचानकपणाचा अर्कच.

मी शिकारी नाही. तंबोऱ्याकडे पाहावं तसा मी बंदुकीकडे पाहतो: काय कशासाठी बसवलंय आणि शेवटी कानाला काय ऐकू येतं. या नजरेला इंग्लंडच्या शेतांवर वापरली जाणारी एक जात फार विचार करायला लावते. ती म्हणजे आवाज दाबलेली फोर-टेन. ‘हशपॉवर’ या नावाने ती तिकडे ओळखीची आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती बेढबच वाटते. दस्ता नेहमीचा, चाप नेहमीचा आणि पुढे सडपातळ नळीऐवजी सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ शोभेल असा जाडजूड दंड. पण हे बेढबपण उगाच आलेलं नाही.

आधी नावाचं कोडं सोडवू. बाराबोर म्हणजे काय? नळीच्या पोटात नेमका बसेल असा शिशाचा गोळा घ्या. असे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात. सोळा बोरला सोळा, वीसला वीस. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. बाराबोरची नळी साधारण साडेअठरा मिलीमीटरची, वीसची साडेपंधराची, अठ्ठावीसची चौदाची. फोर-टेन या पंगतीत बसतच नाही. तिचं नाव गोळ्यांवरून पडलेलं नाही, सरळ इंचावरून पडलंय: .४१० इंच, म्हणजे जेमतेम साडेदहा मिलीमीटर. गोळ्यांच्या हिशोबात मोजली तर ती सदुसष्टच्या आसपास जाईल. तिचं काडतूस हातात घेतलं तर करंगळीची आठवण येते. बाराबोरचं नेहमीचं काडतूस तीसेक ग्रॅम छर्रे फेकतं. फोर-टेनचं अडीच इंची काडतूस त्याच्या निम्म्याहूनही कमी.

आपल्याकडेही फोर-टेन अगदीच परकी नव्हती. ब्रिटिश अमदानीत बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड रायफली बदलून .४१० च्या एकबारी मस्केटी केल्या गेल्या आणि पोलीस-पहारेकऱ्यांच्या खांद्यावर आल्या. तिथे हेतू आवाज कमी करण्याचा नव्हता, जोर कमी करण्याचा होता. पहारेकऱ्याच्या हाती धाक असावा, लढाईचं हत्यार नसावं, असा तो सरकारी हिशोब.

आता कान लावू. आपण ज्याला एक ‘धाड’ म्हणतो, त्यात निदान तीन आवाज असतात. पहिला नळीच्या तोंडचा. दारू जळून झालेला तापलेला वायू कोंडलेला असतो आणि छर्रे बाहेर पडताच तो हवेवर आदळतो. बाराबोरचा हा धक्का उडवणाऱ्याच्या कानाशी दीडशे डेसिबलच्या वर जातो. दुसरा आवाज छर्‍यांचा स्वतःचा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. छर्रे त्याहून जोरात गेले की हवा फाटल्यासारखा कडाका होतो. तिसरा अगदी घरगुती: घोडा पडल्याचा, लोखंडावर लोखंड आपटल्याचा. मोठ्या बारात हा तिसरा कोणाला ऐकूच येत नाही.

जाडजूड दंडाचं काम पहिल्या आवाजावर चालतं. कुकरची वाफ शिटीतून सोडली तर स्वयंपाकघर चालू राहतं, झाकण एकदम उडालं तर घर हादरतं. वाफ तितकीच, सोडण्याची रीत वेगळी. आतल्या दालनांमधून वायू पसरत, निवत, रेंगाळत बाहेर येतो. फोर-टेनमध्ये मुळात दारूच थोडी असल्यामुळे दालनांवरचा भार हलका. दुसऱ्या आवाजाला मात्र कुठलाही दंड पुरा पडत नाही, तो काडतुसानेच मिटवावा लागतो. छर्रे ध्वनीपेक्षा सावकाश जातील असं काडतूस निवडलं, तरच दंडाची मेहनत फळाला येते. दोन्ही जुळले की उरतो तो तिसरा, घोड्याचा ‘टक’. जाणकार अशा बंदुकीचं मोल या टकवरून करतात. जो आवाज एरवी बाराखाली दबून जायचा, तोच आता पुढे येतो. तबल्याची दाद देताना आपण दोन बोलांमधली जागा ऐकतो, तसं काहीसं.

मोलही चुकवावं लागतं. छर्रे थोडे, वेग कमी. म्हणजे पल्ला वीस-पंचवीस मीटरांचा. तोंडाकडे वजन झुकतं, त्यामुळे उडत्या पाखरामागे ही बंदूक झपकन फिरत नाही. निवडताना पाहायचं ते एवढंच, की दस्ता खांद्याला बसतो का, पुढचं वजन डाव्या हाताला पेलतं का आणि आपल्याला इतक्या जवळ जाण्याचा धीर आहे का. शेवटचा प्रश्न दुकानदार विचारत नाही. बाराबोर चाळीस पावलांवरूनही तुमची चूक झाकते. मवाळ बार म्हणतो, आधी जवळ ये.

या युक्तीच्या जन्मकथेत गंमत आहे. १९०९ साली अमेरिकेत सायलेन्सरचं पेटंट घेतलं हायरम पर्सी मॅक्सिम याने. याचा बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम, म्हणजे मॅक्सिम मशिनगनचा जनक. आयुष्यभर स्वतःच्या तोफखान्याशेजारी उभा राहून बापाचे कान गेले आणि मुलाने आवाज गिळणारी नळी शोधली. तेच तत्त्व त्याने मोटारीच्या इंजिनाच्या आवाजावरही वापरलं. आज पेणच्या नाक्यावर बुलेटचा सायलेन्सर काढून धडधडत जाणारा पोरगा नकळत बापाच्या बाजूने असतो.

इथे माझं रसग्रहण मात्र अडखळलं. ही बंदूक मनातल्या मनात उचलून मी धरमतरला आणली, तेव्हा कायद्यानेच हात धरला. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच आवाज किंवा भडका कमी करणारी जोडसाधनं बसवलेली आहेत. नुसता रिकामा दंडही कायद्याच्या लेखी बंदूकच. शिकारीचं दार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने लोटलं आणि १९९१ च्या दुरुस्तीने पुरतं बंद केलं. त्याच शस्त्र कायद्यात शेतराखणीची सोय आहे, पण ती कोणत्या हत्यारासाठी? ठासणीच्या बंदुकीसाठी. पीक राखायला ती पुरी पडत नाही अशी परवाना देणाऱ्याची खात्री झाली, तरच दुसरी. म्हणजे जगातली सगळ्यात धुरकट, सगळ्यात गडगडाटी बंदूक ती शेतकऱ्याची.

आधी मला हा विनोद वाटला. मग रोह्याकडच्या डोंगराच्या पायथ्याशी, भात कापून वाल पेरलेल्या एका शेतात, माळ्यावर रात्र काढणाऱ्या म्हाताऱ्या बाबांना मी मोठ्या हौसेने या मुक्या बंदुकीची गोष्ट सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, विडी विझवली आणि म्हणाले, “आवाज नाय झाला तं डुकराला कलनार कसा?”

एवढ्या एका प्रश्नात बंदूक निवडण्याचं सगळं शास्त्र आलं. बाबांना डुक्कर मारायचंच नव्हतं. मारलं तर वनखातं, पंचनामा, परवानगीचे कागद. त्यांना वालात शिरलेला कळप डोंगरात परत गेलेला हवा होता. त्यासाठी छर्रे नकोत, गडगडाट हवा. एका बारात चार शेतं सावध व्हायला हवीत. ठासणीच्या दारूचा आवाज कडाडत नाही, घुमतो. डोंगराला लागून परत येतो आणि डुकराला वाटतं, दोन्हीकडून माणसं आली. इथे आवाज हेच काडतूस. त्यांच्याकडे बंदूक नव्हतीच. होता एक पत्र्याचा डबा, एक काठी आणि दर तासाला घातलेली हाळी. बंदूक असो की डबा, विचार एकच. इंग्लंडच्या शेतकऱ्याला शेजाऱ्याची झोप आणि घोड्यांचा तबेला सांभाळून एकेक ससा टिपायचा असतो; त्याचा आवाज शत्रू. बाबांचा आवाज गडी. हत्याराच्या दुकानात शिरण्याआधी हे ठरलं पाहिजे.

दोन्ही गुण एका हत्यारात हवेत तर आपल्याकडे गोफण आहे. सुताची विणलेली खोबण, दोन दोऱ्या, आत खडा. डोक्यावरून दोन फेरे दिले आणि एक दोरी सोडली की खडा निमूट जातो. थव्याच्या पलीकडे भातात पडून सळसळ होईपर्यंत पाखरांना काही कळत नाही. आणि मनगटाचा झटका साधला तर सुटलेल्या दोरीचं टोक चाबकासारखं असं कडाडतं, की खडा घालायचीही गरज उरत नाही. हा कडाका म्हणजे फोर-टेनमध्ये इतक्या कष्टाने मिटवलेला तोच दुसरा आवाज, ध्वनीचा वेग ओलांडल्याचा. हवा तेव्हा काढावा, नको तेव्हा गिळावा. दंडही नको, परवानाही नको.

तरी मवाळ बाराची बाजू एका ठिकाणी मला पुरती पटते. पूर्वी पक्ष्यांचे नमुने गोळा करणारे अभ्यासक मुद्दाम लहान बोरची बंदूक आणि धुळीसारखे बारीक छर्रे वापरत. कारण शांतता हे नव्हतं, निदान एकटं ते नव्हतं. बाराबोरने लहान पाखरू टिपलं तर हाती पिसांचा चुरा येतो, अभ्यासाला काही उरत नाही. १९०८ च्या सुमारास मुंबईतल्या एका शाळकरी पोराने खेळण्यातल्या एअरगनने एक चिमणी पाडली. पाखरू जवळजवळ अख्खं हाती आलं, म्हणून त्याच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका त्याला दिसला. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे धाडलं. साहेबांनी ती पीतकंठी रानचिमणी ओळखली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. तो पोरगा म्हणजे सालिम अली. पुढे १९३० साली याच धरमतर खाडीच्या पश्चिमेला, अलिबागजवळच्या किहीमला, ते सुगरणींच्या खोप्यांसमोर तासन्‌तास बसून राहिले. एक नर एकापाठोपाठ एक खोपे विणतो आणि प्रत्येकात वेगळी मादी नांदते, हे त्यांनी तिथे बसून पाहिलं. त्या वेळी बाराचा आवाज पार शून्यावर आला होता आणि पल्लाही हाताच्या अंतरावर.

बांधावर आता भरती चढू लागली आहे. तुतवारांचा थवा पाण्यापुढे सरकत सरकत माझ्याच बाजूला येतोय. मी खिशातला फोन बंद करतो. तो दाबतानाचा ‘टक’ मला ऐकू येतो, त्यांना नाही.