ममत्वभाव किंवा आकस न बाळगता

शपथविधीचं थेट प्रक्षेपण आपण बघतो ते कोणाची वर्णी लागली, कोणाचा पत्ता कटला हे जोखायला. राज्यपालांनी ‘मी’ म्हटलं की पुढचं सगळं कानांवरून जातं. आपलं लक्ष फेट्याकडे, जाकिटाकडे, पहिल्या रांगेतल्या रुसलेल्या चेहऱ्याकडे. मंत्री मात्र त्या मिनिटभरात राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतलं एक लांबलचक वाक्य बोलत असतो. सरकारी मराठीला मी एरवी भरपूर नावं ठेवतो, पण या एका वाक्यापुढे माझं तोंड बंद होतं.

राज्यघटना बहुतेक सगळी तिसऱ्या माणसाबद्दल बोलते: संसद असं करील, राज्यपाल तसं करील. सुरुवातीला उद्देशिकेत ‘आम्ही’ येतो. ‘मी’ येतो तो फक्त शपथांमध्ये. सत्तेला घातलेली बंधनं इतरत्र कलमांत असतात. इथे ती सत्ता हाती घेणाऱ्यालाच स्वतःच्या तोंडाने म्हणावी लागतात, तीही कामाला हात लावण्याआधी.

वाक्यातला क्रम बघा. पहिलं वचन संविधानावरच्या श्रद्धेचं आणि निष्ठेचं. मग देशाची सार्वभौमता व एकात्मता. मग पदाची कर्तव्यं, ‘शुद्ध बुद्धीने’. आणि सगळ्यात शेवटी लोक. पक्ष कुठेच नाही, नेता नाही, आणि गंमत म्हणजे मतदारही नाही. ज्यांच्या बोटाच्या शाईवर हा माणूस इथवर आला, त्यांचा उल्लेखसुद्धा नाही. लोक येतात ते ‘सर्व तऱ्हेचे’ म्हणून. ‘तऱ्हेचे’ हा शब्द जरा ओबडधोबडच आहे, पण त्यात विरोधात मत देणारा बसतो, मत न देणारा बसतो आणि ज्याचं नाव यादीतच नाही तोही बसतो. निधी मागायला आलेल्या सरपंचाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘तुमच्या गावानं लीड किती दिलं?’ हा. तो प्रश्न विचारण्याची सोय या शपथेने ठेवलेली नाही.

वाक्याचा खरा कस शेवटच्या तुकड्यात लागतो. निर्भयपणे, निःस्पृहपणे, ममत्वभाव किंवा आकस न बाळगता. भीती, लोभ आणि आकस हे उघड दोष आहेत. त्यांना मनाई करायला फार प्रतिभा लागत नाही. पण त्यांच्याच पंगतीत माया? आपल्या माणसाला धरून असणं हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो. ‘साहेब कार्यकर्त्याला विसरले नाहीत’ हे कौतुकाने बोललं जातं. शपथ मात्र आकसाच्या आधी ममत्वाचं नाव घेते. डूख धरून कामं अडवणारा मंत्री लगेच ओळखू येतो. आपलेपणाने कामं करणारा लोकप्रिय होतो आणि पुन्हा निवडून येतो. घटनेची मर्यादा आकसाने मोडली की आरडाओरडा होतो, ममत्वाने मोडली की सत्कार. शपथ लिहिणाऱ्याला हे पुरतं माहीत असावं.

हा तुकडा मुळात इंग्लंडमधल्या न्यायाधीशांच्या शपथेतला. १८६८च्या ब्रिटिश कायद्यात तो न्यायाधीशांसाठी आहे. आपल्या घटनेने तो मंत्र्याच्या तोंडी घातला. हे मला फार मार्मिक वाटतं, कारण फाइलीवर सही करणारा मंत्रीही कोणाच्या तरी पारड्यात वजन टाकतच असतो. आपल्याकडे जमिनीच्या वादांची अपिलं महसूल मंत्र्यांपुढे चालतात, तेव्हा तर तो शब्दशः न्याय करायला बसलेला असतो. आमदाराच्या शपथेत हा तुकडा नाही. श्रद्धा, एकात्मता, कर्तव्य, एवढ्यावर ती संपते. मंत्रिपदाबरोबर बंगला येतो असं आपण म्हणतो. हे अर्धं वाक्यही येतं.

सगळीच शपथ एका हातची नाही. सार्वभौमतेचा भाग १९६३च्या सोळाव्या घटनादुरुस्तीत जोडला गेला, दक्षिणेत वेगळ्या द्रविडनाडूची मागणी तापली होती त्या काळात. त्याचा सांधा कानाला जाणवतो. आधी वाक्य संविधानावरून थेट कर्तव्याकडे उतरत होतं. आता मध्ये आवाज चढतो. कारण समजतं, पण वाचक म्हणून मला जुनी उतरण अधिक आवडते. देवाचं नाव असावं की नसावं यावरही घटना समितीत खल झाला. ह. वि. कामतांनी त्यासाठी आग्रह धरला. शेवटी ‘ईश्वरसाक्ष’ शपथ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन’ असे दोन्ही दरवाजे उघडे राहिले.

बाकी शब्दांत हात घालायला परवानगी नाही. देवीलाल १९८९ मध्ये शपथ घेताना ‘मंत्री’ऐवजी ‘उपपंतप्रधान’ म्हणत राहिले, राष्ट्रपती वेंकटरामन यांनी दुरुस्त करूनही. सर्वोच्च न्यायालयाने ते संबोधन नुसतं वर्णन मानलं, शपथेच्या गाभ्यातला बदल नव्हे, म्हणून शपथ वैध ठरवली. मुंबईत ३० डिसेंबर २०१९ ला के. सी. पाडवी यांनी मजकुराला स्वतःची काही वाक्यं जोडली, तेव्हा राज्यपाल कोश्यारी भडकले आणि त्यांना पुन्हा शपथ घ्यायला लावली. राज्यपालांचा सूर रुचला नाही तरी मुद्दा मला पटतो. हा मजकूर मंत्र्याचा नाही. त्याला तो फक्त स्वतःवर घ्यायचा आहे.

आणि शपथ मोडली तर? शपथ न घेता सभागृहात बसणाऱ्या, मत देणाऱ्या आमदाराला घटनेच्या १९३व्या कलमानुसार रोज ५०० रुपये दंड आहे. शपथ घेऊन ती मोडणाऱ्याला असा दंड कुठल्याच कलमात नाही. केरळचे मंत्री बालकृष्ण पिल्लै १९८५ मध्ये एका भाषणात, केंद्राकडून हक्काचं मिळवायचं तर त्या काळी धुमसणाऱ्या पंजाबचा मार्ग धरावा लागेल अशा अर्थाचं बोलले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शपथभंग हा विश्वासघात असू शकतो, पण त्याची चौकशी करणं न्यायालयाचं काम नव्हे, नेमणूक करणाऱ्याने ते पाहावं, असं १९८६ मध्ये न्यायालयाने सांगितलं. राज्यपाल मंत्री नेमतात आणि काढतात ते मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने. म्हणजे मंत्र्याने शपथ मोडली का, हे व्यवहारात ठरवणार त्याला मंत्रिमंडळात घेणारा मुख्यमंत्रीच, ज्याने स्वतः ममत्वभाव न बाळगण्याची शपथ घेतलेली असते. त्याच केरळात मंत्री साजी चेरियन यांनी संविधानावर तोंडसुख घेतलं आणि जुलै २०२२ मध्ये राजीनामा दिला. जानेवारी २०२३ मध्ये ते त्याच मंत्रिमंडळात परतले, तीच शपथ पुन्हा घेऊन.